वाढत्या अंगाचा शर्ट

टच्…

एवढाच आवाज. शिवणीतला दोरा तुटल्यासारखा.

घर इतकं शांत होतं की तो स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आला.

पटो अगर न पटो, हे घडलेलं आहे. माझ्या मावसबहिणीच्या घरात, तिच्या डोळ्यांदेखत. आम्ही तिला ताई म्हणतो. ताई उगाच घाबरणारी बाई नाही. आणि वेळही रात्रीची नव्हती…

भर दुपार होती. मंगळवार. सव्वादोन.

त्या वेळी तिची चार वर्षांची लेक, भिंगरी, झोपलेली असते. अख्ख्या दिवसात ताईचा स्वतःचा म्हणावा असा तेवढाच दीड तास. बाकीचा दिवस सगळ्यांचा.

ताई कापडी खेळणी शिवते. ससे, हत्ती, गोगलगायी. आजवर हा पसारा जेवणाच्या टेबलावरच असायचा. भाऊजी ताटातला कापूस बाजूला काढत विचारायचे, आज ससा केलायस का.

म्हणून मागची खोली नीट करायची ठरली. ती सासूबाईंची शिवणखोली. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं, पण आत काही हललं नव्हतं. भिंतींना रंग देऊन झाला होता. शनिवारी सुतारकाका फळ्या ठोकायला येणार होते. तोवर खोली रिकामी हवी होती.

ताई रोज दुपारी थोडं थोडं आवरायची. लेस एका बरणीत, बटणं दुसऱ्या. चिंध्यांचे ढीग रंगाप्रमाणे. कंबरेचा काटा ढिला झाला तरी खोली काही संपेना. भाऊजी म्हणाले, तू खोलीला आवरतेयस की खोली तुला?

त्या मंगळवारी मोठ्या पेटीच्या तळाशी तिला एक शर्ट सापडला.

फिकट निळा. वर्षाच्या मुलाला बसेल एवढा.

ताईने तो लगेच ओळखला.

सासूबाई काहीही शिवायच्या ते वाढत्या अंगाचं. खाली तीन दुमडी, बाह्यांना दोन, बाजूच्या शिवणीत भरपूर कापड आत. मूल वाढेल तशी एकेक दुमड उसवायची. पाच वर्षं बघायला नको, म्हणायच्या. हा शर्ट त्यांनी बाळ जन्मायच्या आधीच शिवून ठेवला होता.

ते बाळ अकरा दिवस जगलं.

भिंगरीच्या आधीचा मुलगा. असता, तर आज सात वर्षांचा असता.

त्याच्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. भिंगरीला तर यातलं काहीच कळू द्यायचं नाही, हे ताईने आणि भाऊजींनी तिच्या जन्माच्या वेळीच ठरवलं होतं. आपल्या दुःखाचं ओझं या पोरीच्या पाठीवर नको. तिने मोकळं वाढावं. ताई त्यासाठी वाटेल ते गिळायला तयार होती.

जुने कपडे नेणारी बाई शनिवारी सकाळी येणार होती. ताईने शर्ट तिला द्यायला काढलेल्या कपड्यांवर ठेवला आणि पाणी प्यायला गेली.

तेव्हा तो आवाज आला.

टच्…

थोड्या वेळाने पुन्हा. टच्… टच्…

ती खोलीत आली. कुणी नव्हतं. खिडकी बंद. शर्ट होता तिथेच.

बुधवारी तिने तो हातात घेतला तेव्हा खालची एक दुमड सुटलेली होती.

दोरा कुजला असेल, तिने मनाला समजावलं. सात वर्षं पेटीत होता.

गुरुवारी शर्ट उचलला… आणि तो खाली, लांब, उलगडत गेला.

तिन्ही दुमडी सुटल्या होत्या. बाह्यांच्याही. कापडावर फक्त सुईच्या बारीक भोकांच्या रांगा उरल्या होत्या. कुणीतरी निगुतीने, एकेक टाका तोडून उसवलं होतं.

आता शिवणारी बाई असल्यामुळे ताईच्या एक गोष्ट लगेच लक्षात आली. उसवलं की दोऱ्याचे तुकडे पडतात. कितीही झाडा, चार तरी चिकटून राहतातच.

तिथे एकही तुकडा नव्हता.

संध्याकाळी तिने भाऊजींना विचारलं, तुम्ही खोलीत गेला होतात का. ते नाही म्हणाले. मग तिने शर्ट दाखवला. एरवी प्रत्येक गोष्टीवर कोटी करणाऱ्या माणसाने बाह्यांवरच्या भोकांवरून बोट फिरवलं.

"देऊन टाक तो," एवढंच म्हणाले.

शुक्रवारी सकाळी ताईने मशीनवर बसून सगळ्या दुमडी परत शिवल्या. जाड दोरा. दुहेरी टीप.

का शिवल्या, ते तिला आजही सांगता येत नाही. द्यायचाच तर होता. पण ती दमली होती. आठवड्याच्या आवराआवरीने नाही… सात वर्षांच्या गप्प बसण्याने. काहीतरी एकदाचं बंद व्हावं, एवढंच तिला वाटत होतं.

शर्ट तिने गाठोड्याच्या अगदी तळाशी घातला. वर चादर, पडदे, भाऊजींच्या जुन्या पँटी. दोन गाठी मारल्या.

दुपारी भिंगरी झोपली. ताई तिच्याशेजारीच आडवी झाली. खोलीकडे जायचंच नाही, असं तिने ठरवलं होतं.

डोळा लागला असेल नसेल…

टर्रर्र.

या वेळी दोऱ्याचा आवाज नव्हता. पूर्ण शिवण जाण्याचा होता.

ती उठून धावली. गाठोडं तसंच. दोन्ही गाठी तशाच. तिने नखांनी त्या सोडवल्या. पडदे, पँटी, चादर बाजूला फेकली.

तळाशी शर्ट होता.

तिने घातलेली दुहेरी टीप शाबूत होती. पण खांदे फाटले होते. दोन्ही. पाठीवरची शिवणही मधोमध गेली होती.

पुढचं सांगताना ताई अजूनही थांबते.

कापलेली शिवण वेगळी दिसते आणि ताणून गेलेली वेगळी. ताणाने गेली की कडेचे धागे बाहेर ओढले जातात, कापड विरतं. मूल मोठं झालं आणि आपण त्याला जुना कपडा बळेच चढवला, की शिवण अशी जाते.

आतून.

आणि शर्टाची सगळी बटणं लावलेली होती. तिने एकही लावलं नव्हतं.

मागे पावलं वाजली म्हणून तिने वळून पाहिलं.

भिंगरी दारात उभी होती. झोपेने डोळे जड, केस विस्कटलेले. ताईने शर्ट घाईघाईने पाठीमागे लपवला.

पण भिंगरी तिच्याकडे बघतच नव्हती. ती खिडकीशेजारच्या मोकळ्या जागेकडे बघत होती. मान थोडी वर करून… आपल्यापेक्षा वीतभर उंच असलेल्या कुणाकडे बघावं, तशी.

मग ती आईकडे वळली. तिच्या तोंडून जो शब्द आला, तो या घरात तिच्यासमोर कुणीच कधी उच्चारला नव्हता.

"आई, माझा फ्रॉक घट्ट झाला की तू मोठा करून देतेस ना… मग दादाचा का गं लहान केलास?"