कुरडयांशेजारची तबकडी

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी, टळटळीत दुपारी, यशोदाबाईंनी गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया जरा बाजूला सारल्या आणि मधोमध ती ग्रामोफोनची काळी रशियन तबकडी ठेवली... अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या जिवाला थंडावा मिळाला!

होऊ दे वाकडी! धुळ्याच्या या उन्हात माणसं होरपळतात, तिथे तिची काय कथा!

खाली गल्लीत निंबाला झोके बांधले होते. सासरी गेलेल्या पोरी सणाला माहेरी येऊन गौराईची गाणी म्हणत होत्या. यशोदाबाई कुठून माहेरी येणार? त्या या घरातून गेल्याच नव्हत्या. वडील गेले आणि धाकट्या भावाच्या, पितांबरच्या, शिक्षणासाठी दोंडाईच्याच्या स्थळाशी ठरलेलं लग्न त्यांनी स्वतःच्या तोंडाने मोडलं. शाळेत मास्तरीण होऊन त्याला वाढवलं, मॉस्कोला इंजिनिअर व्हायला पाठवलं. “पाच वर्षांत येतो, अक्का,” म्हणून गेलेला तो तिथल्याच एका बाईशी लग्न करून बसला! त्याचं नाव घेत घेत आईने प्राण सोडला, तरी आला नाही. आणि आता अकरा वर्षांनी आला, तो एक बॅग, एक रेकॉर्ड-प्लेअर आणि ही तबकडी घेऊन!

रोज दुपारी तो ती लावायचा. व्हायोलिनपेक्षा जाड गळ्याचा व्हायोला एकटाच सुरू व्हायचा, मग पियानो त्याच्या सोबतीला यायचा. आईच्या फोटोपुढे कोरडे राहिलेले त्याचे डोळे या परक्या वाजवण्यापुढे भरून यायचे. तेच त्यांच्या काळजाला डागण्या देत होतं. भोग म्हणावं तूही!

कुरडया उलटताना त्यांनी तबकडीही उलटली. दोन्ही बाजू नीट भाजायला हव्यात! कड आता लाटेसारखी वर उचलली गेली होती.

“व्हयनी का वाकडी, अक्का?”

जिन्याच्या दारात पितांबर उभा होता! यशोदाबाई वळल्या, पण नजर खाली घातली नाही.

“हो, व्हयनी! मीच ठेवी!”

“माले माहीत शे. मी मघापासून देखी ऱ्हायंतू.”

“मंग माले थांबाडं काबरं नई?”

तो खाली बसला. तापलेली तबकडी त्याने दोन्ही तळव्यांवर अलगद घेतली.

“त्यामा पियानो ती वाजाडस, अक्का... मनी बायको. तिले जाईसन दोन वरीस व्हयनात. तिना हातनं आते येवढंच उरेल व्हतं. तुनं बठ्ठं आयुष्य मी लई गऊ. मायसाठे बी उनू नई. म्हनीसन थांबाडं नई. तुले देवासाठे मनाजोडे दुसरं काय व्हतं?”

ज्या सुडाची इतकी वर्षं वाट पाहिली, तो असा आपणहून ओंजळीत येऊन पडला आणि यशोदाबाईंना तो धरवेना! “अरे, बोलना काबरं नई तू...” त्यांच्या तोंडून हुंदकाच फुटला. “तू इचारं नई, अक्का,” तो म्हणाला.

त्यांनीच त्याला हाताला धरून खाली नेलं. “लाव,” म्हणाल्या.

तबकडी हेलकावत फिरू लागली. व्हायोला रडत, अडखळत निघाला.

“थांब, आते पियानो येई,” पितांबर म्हणाला.

पण सुई त्या वाकडेपणावर चढली, उडाली, आणि पुन्हा पहिल्या सुरावर येऊन पडली. पुन्हा एकटा व्हायोला. पुन्हा तेच! पाच वेळा, सहा वेळा... पियानो काही येईना.

“येत काबरं नई रे?” यशोदाबाईंनी विचारलं. आपणच विचारतोय याची त्यांना लाज वाटली.

पितांबरने त्यांचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. व्हायोला पुन्हा सुरू झाला, आणि जिथे पियानो यायचा तिथे तो बहिणीच्या मनगटापासून कोपरापर्यंत बोटं वाजवू लागला, कुठे हलकी, कुठे जोरात, जशी त्याच्या बायकोची पडायची तशी. यशोदाबाई घळाघळा रडत होत्या, पण हात त्यांनी जराही हलू दिला नाही.