रिकामा ताबा

काम अगदी साधं होतं. बँकेतून एक अर्ज आणायचा, त्यावर दोन सह्या करायच्या आणि तो परत नेऊन द्यायचा. एवढ्याशा कामाला सात महिने लागले. सगळं सांगते, पण मध्ये बोलू नका. बँकेतल्या प्रत्येक टेबलापुढे हे पहिल्यापासून सांगून माझा जीव आधीच विटला आहे.

आमचा घटस्फोट होऊन वर्ष झालं होतं. भांडी वाटली, पुस्तकं वाटली, मित्रसुद्धा वाटून घेतले. घर तेवढं वाटता येईना, कारण ते दोघांच्या नावावर आणि त्यावरचं कर्जही दोघांच्या नावावर. कोर्टाने आम्हाला वेगळं केलं, पण बँकेच्या दप्तरात आम्ही अजून जोडीने नांदत होतो. तिथे तो माझा सहकर्जदार होता. मीही त्याला तेच म्हणायला लागले. 'नवरा' म्हटलं की खोटं वाटायचं आणि 'पूर्वीचा नवरा' म्हटलं की लोक मान तिरकी करून बघायचे.

तसं आमच्यात मोठं काही घडलं नव्हतं. मारझोड नाही, तिसरं माणूस नाही. त्या घरात राहायला गेलो आणि बोलणं आटत गेलं. आधी थट्टा गेली, मग 'जेवलीस का?' गेलं, शेवटी भांडणंही गेली. एक दिवस दोघांनी आपापल्या बॅगा भरल्या, आणि त्यासुद्धा एकमेकांना न विचारता.

तेव्हापासून मी भावाकडे राहत होते. भाऊ चांगला, वहिनी त्याहून चांगली, पण मी त्यांच्या बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर झोपायचे आणि भाचीची परीक्षा आली की तेवढीही जागा उरायची नाही. ऑफिसजवळ एक छोटंसं घर मी हेरून ठेवलं होतं. एक खोली, एक स्वयंपाकघर, पुष्कळ झालं. पण जुनं कर्ज मिटल्याशिवाय नवं मिळणार नव्हतं. माझं पुढचं सगळं आयुष्य त्या तिसऱ्या मजल्यावरच्या कुलूपबंद घरात अडकून पडलं होतं.

गिऱ्हाईक मिळालं ते नशीबच म्हणायचं. निवृत्त मास्तर आणि त्यांच्या बाई. मास्तर घोगऱ्या आवाजात कोट्या करायचे आणि बाई "पुरे हो आता" म्हणत हसायच्या. घर बघायला आले तेव्हा जिना चढताना मास्तरांनी बाईंचा हात धरला, तो पुन्हा खाली उतरेपर्यंत सोडला नाही. चाळीस वर्षांचा संसार! मला ते बघवेना. त्यांची अट एकच होती, घराचा रिकामा ताबा हवा.

घर तर रिकामंच होतं. बँकेने आपला व्हॅल्युअर पाठवला, म्हणजे घराची किंमत ठरवणारा माणूस. चार दिवसांनी त्याचा फोन आला.

"मॅडम, घर रिकामं आहे असं तुम्ही लिहून दिलंय."

"हो, आहेच."

"नाही हो. मी बेल वाजवली. आतून बाई म्हणाल्या, जेवायला बसलोय, थोड्या वेळाने या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सहकर्जदाराला फोन लावला. "कुणाला घेऊन राहतोयस तिथे?"

"मी?" तो म्हणाला. "मला तर वाटलं, तूच परत गेलीस."

त्यावर आमचं वीस मिनिटं भांडण झालं. लग्न टिकलं असतं तर इतकं बोललो नसतो. व्हॅल्युअर दुसऱ्यांदा जाऊन आला. या वेळी आतून पुरुष बोलला, "ती आंघोळीला गेलीय, नंतर या." अहवालात पुन्हा 'घर वापरात' अशी नोंद झाली. बँकेतल्या साहेबांनी फाईल बंद केली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत फर्मावलं, "तुम्ही दोघं आणि व्हॅल्युअर, तिघांनी एकत्र जा. काय तो सोक्षमोक्ष लावा."

म्हणून त्या दुपारी आम्ही तिघं त्या दारासमोर उभे राहिलो. लख्ख ऊन होतं. जिन्याच्या खिडकीतून ते थेट आमच्या दारावर आलं होतं, दारातच बसवलेल्या कुलपावर हात ठेववत नव्हता. व्हॅल्युअर वयस्कर, नीटनेटका माणूस. खिशाला दोन पेनं. त्याने बेलकडे बोट नेलं.

"अहो, मालक दोघंही तुमच्या मागे उभे आहेत," मी म्हणाले. "आणि वीज आम्ही चार महिन्यांपूर्वीच तोडलीय."

"घर रिकामं असो, भरलेलं असो, आधी बेल वाजवायची. आमची पद्धत आहे."

त्याने बटण दाबलं.

बेल वाजली.

आणि आतून आवाज आला, "आले, आले..."

तो माझा आवाज होता. पण कित्येक वर्षांत माझ्या गळ्यातून निघाला नसेल इतका हलका, खुशीतला. पावलं दाराकडे आली. मग दुसरा आवाज, "थांब गं, मी बघतो. तुझे हात ओले आहेत..."

सहकर्जदाराने जिन्याचा कठडा धरला. "तो मी आहे," तो पुटपुटला. "मी... मी असं बोलायचो, नाही?"

लग्नानंतरची पहिली दोन वर्षं बोलायचा, या घरात येईपर्यंत. मी किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. घाबरले नव्हते असं नाही, पण खरं सांगू? भीतीपेक्षा वैताग जास्त होता. सात महिने चपला झिजवल्या होत्या मी.

आत कुणी नव्हतं. जमिनीवर धुळीचा एकसारखा थर, त्यावर एकही पाऊल नाही. खिडक्या बंद होत्या, तरी कोंदट वास नव्हता. नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यांचा वास येत होता, आणि त्यात मिसळलेला अंगाच्या साबणाचा. झोपायच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्यामागे कुणीतरी हळू आवाजात बोलत होतं.

आम्ही तिघंही जागच्या जागी थांबलो. बोलणं नीट कळत नव्हतं. मध्येच कुणीतरी हसलं. मग त्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "चुकलं गं माझं..."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. या शब्दांसाठी मी किती वाट पाहिली होती! तेवढे मिळाले असते तर कदाचित बॅग भरलीच नसती. आणि ते निघाले कुठून, तर रिकाम्या खोलीतून, दुसऱ्याच कुणा बाईसाठी. मी पुढे झाले आणि दार ढकललं.

खोलीत भिंती होत्या आणि धूळ होती. बाकी काही नाही.

बाहेर येऊन कुलूप लावलं तेव्हा सहकर्जदाराचा चेहरा ओला होता. "शेवटी म्हणालीस तू," तो म्हणाला.

"मी काय म्हणाले?"

"चुकलं माझं, म्हणून... तुझाच आवाज होता."

"माझा? मी तर तुझा ऐकला!"

आम्ही दोघांनी व्हॅल्युअरकडे बघितलं. तो मान खाली घालून अर्जावरच्या एका रकान्यावर पेन टेकवून उभा होता. 'जागेवर भेटलेली व्यक्ती'.

"इथे काय लिहू, मॅडम?"

"कोणी नाही, असं लिहा."

"पण आत..."

"तुम्हाला कोणी दिसलं?"

"दिसलं नाही."

"मग लिहा."

"विकायलाच हवं का?" सहकर्जदार अगदी हळू म्हणाला. "म्हणजे... बरं चाललंय त्यांचं."

मी पेन त्याच्या हातात कोंबलं. "त्यांचं बरं चाललंय, मी सोफ्यावर झोपते. सही कर."

त्याने कठड्यावर कागद टेकवून सही केली. खाली मी केली. तीन आठवड्यांत कर्ज मिटलं, मास्तर आणि बाई राहायला गेले, मला माझं घर मिळालं. त्यांना यातलं काहीच सांगितलं नाही. काय सांगणार होते? आणि सांगितलं असतं तर पुन्हा सोफा. हे मी स्वतःला बऱ्याचदा समजावते.

परवा बाईंचा फोन आला. वर्षभराने. आधी इकडचं तिकडचं बोलल्या. आवाज उतरलेला होता. मग अडखळत म्हणाल्या, "एक विचारायचं होतं... कोर्टात तुमचा वकील कोण होता?"

तेवढ्यात त्यांच्या मागून मास्तरांचा घोगरा, लाडिक आवाज आला, "अगं, चष्मा शोधतेयस का? डोक्यावर आहे बघ!" आणि पाठोपाठ बाईंचंच हसू, "पुरे हो आता."

मला केवढं हायसं वाटलं. "बाई, चेष्टा करताय होय माझी?" मी म्हणाले. "मास्तर तर तिथेच आहेत!"



"ते महिन्याभरापासून मुलीकडे राहतात," बाई म्हणाल्या. "घरात मी एकटीच असते..." आणि मग अगदी दबक्या आवाजात, "म्हणजे... तुम्हालाही ऐकू आलं?"