ताळमेळ

वैजयंती तांडेलनं आतून नियंत्रण कक्षाचं दार उघडताच संचालक सप्रे म्हणाले, "ते वादळवाणीचे तीस आभासी संगणक मोकळे करा. आज क्रिकेटच्या अंतिम सामन्याचं प्रक्षेपण आपल्याकडे आहे."

कोकणातल्या टेकडीच्या पोटात कोरलेल्या या संगणनगृहाची वैजयंती मुख्य अभियंता होती. वादळवाणी ही समुद्रातल्या होड्यांना वादळाची दिशा कळवणारी सेवा; ती इथल्या यंत्रांवर सॉफ्टवेअरनं उभारलेल्या तीस आभासी संगणकांवर चालायची. पुढचा संदेश सव्वाबाराला जायचा होता. आज बावन्न होड्या बाहेर होत्या, वादळ वळत होतं, आणि एका होडीवर वैजयंतीचा सख्खा भाऊ होता.

"नाही देणार."

"मी विचारत नाहीये."

"तरी नाही. आणि इथे कुणी हातानं काही उभारत नाही, पाडतही नाही. किती संगणक, कुणाला कुठला अधिकार, सगळं आराखड्यात लिहिलेलं असतं. दर तासाच्या ठोक्याला ताळमेळ यंत्रणा आराखडा वाचते आणि प्रत्यक्षाशी ताडून बघते. कमी असेल ते उभारते, जास्त असेल ते पाडते. तुम्हाला तीस हवेत ना? मग आराखडा बदला. त्याला दोन सह्या लागतात, तुमची आणि माझी. माझी मिळणार नाही."

गाढवापुढे वाचली गीता! आठवड्यापूर्वी रुजू झालेल्या सप्र्यांना हुकूम तेवढा कळत होता. त्यांनी भिंतीवरच्या पेटीची काच फोडून आतलं आपत्कालीन कार्ड काढलं. ते आग लागली तर वापरायचं होतं आणि एकदाच चालायचं. त्या कार्डाच्या जोरावर त्यांनी स्वतःला सर्वाधिकार दिले, वादळवाणीचे तीस संगणक पुसले आणि त्या जागी प्रक्षेपणाचे तीस उभे केले.

"सर, हातानं करू नका. लिहा!" वैजयंती संतापून ओरडली.

"लिहायला वेळ कुणाला आहे? आणि दाराच्या यादीतून तुमचंही नाव पुसलं. निघा."

दारावरच्या पहारेकऱ्यानं तिला बाहेर काढलं तेव्हा बाराला वीस मिनिटं होती. ती दारासमोरच्या बाकावर बसली. पहारेकरी म्हणाला, "बाई, घरी जावा. साहेबांशी वैर कशाला?"

"मी इथून हलणार नाही."

तिला मात्र एकच धास्ती होती. सर्वाधिकार हाती असताना माणूस ताळमेळच बंद करू शकतो. सप्र्यांना तेवढं सुचलं तर वादळवाणी संपली, आणि भाऊही. पण त्यासाठी तिचं बोलणं ऐकलेलं असायला हवं होतं. सप्रे कक्षातून बाहेर आले, तिच्याकडे न बघता पुढे गेले आणि प्रक्षेपणवाल्यांपुढे फोनवर बढाया मारत राहिले.

बारा वाजले. वैजयंती उठली आणि तिनं आपलं कार्ड दाराला लावलं. दिवा हिरवा झाला, तसा पहारेकरी बाजूला सरला.

पडद्यावर वादळवाणीचे तीसच्या तीस संगणक परत उभे होते. प्रक्षेपणाच्या तिसांचा मागमूस नव्हता. ती डोळे पुसत कामाला लागली.

पाच मिनिटांनी सप्रे धावत आले. त्यांनी कार्ड लावलं, पुन्हा लावलं, मग दारावर मुठी आपटल्या. दिवा लालच राहिला.

"हे काय केलंत तुम्ही?" ते इंटरकॉमवर ओरडले.

"मी काहीच केलं नाही. तुमचे तीस आराखड्यात नव्हते, म्हणून पाडले गेले. माझं नाव होतं, म्हणून परत आलं. तुमचे सर्वाधिकारही आराखड्यात नव्हते, सर."

"दार उघडा! मी संचालक आहे!"

"संचालकांना आतून कुणी उघडलं तरच आत येता येतं. तसंच लिहिलंय."

सव्वाबाराला बावन्न होड्यांवर संदेश गेला. वादळ उत्तरेला वळलंय, जवळचं बंदर गाठा. बावन्न पोचपावत्या आल्या, भावाच्या होडीचीही.

बाहेर मुठी आपटणं थांबलं होतं. मग सप्र्यांनी पडल्या आवाजात विचारलं, "मला अधिकार हवे असतील तर?"

"लिहून पाठवा. खाली माझी सही लागेल."

"कधी करणार?"

"शेवटची होडी बंदराला लागली की वाचायला घेईन."

तिनं इंटरकॉम बंद केला.