हिरव्या बाटल्यांची चोरी

"लवकर या. हे अजून शुद्धीवर आले नाहीत. आणि टाकीतली पिल्लं नाहीत!"

फोनवरचा बाईंचा आवाज रडका नव्हता. चिडलेला होता. इन्स्पेक्टर बाईंना तेच खटकलं. रिसीव्हर ठेवून त्यांनी टोपी उचलली.

"पिल्लं कसली, मॅडम? कुत्र्याची?" हवालदारांनी जीप सुरू करता करता विचारलं.

"माशांची. गोबी नावाचा मासा असतो म्हणे."

"कोबी?"

"गोबी, हवालदार. समोर बघून चालवा."

घर निवृत्त दंतवैद्यांचं. आदल्या संध्याकाळी त्यांची पत्नी लेकीकडून परत आली, तेव्हा डॉक्टर मागच्या खोलीत पालथे पडले होते. डोक्याला खोक. हॉस्पिटलनं नेहमीप्रमाणे पोलिसांना कळवलं होतं, आणि कागदावर लिहिलं होतं, 'ओल्या फरशीवरून घसरून पडले.'

खोली लहान होती. एका भिंतीला लोखंडी घडवंचीवर मोठी टाकी, तिच्यावर घट्ट झाकण, झाकणावर दोन विटा. शेजारच्या टेबलावर छोटी टाकी. वर दिवा जळत होता. हवेचा पंप बुडबुड करत होता. बाकी सगळं शांत.

"विटा कशाला, काकू?"

"उडी मारतात मेले. एक फट दिसली की बाहेर. सकाळी कपाटामागे वाळलेले सापडायचे. मग ह्यांनी विटा ठेवल्या."

मोठ्या टाकीच्या तळाशी एक उपडी कुंडी होती, कड फुटलेली. त्या भोकातून करंगळीएवढा निळसर मासा बाहेर बघत होता. इन्स्पेक्टर बाई वाकल्या तसा तो मागे हटला नाही. उलट दोन पावलं पुढे यावं तसा पुढे सरकला.

"नर आहे," काकू म्हणाल्या. "आत अंडी आहेत. जेवणखाण सोडून राखण करत बसतो. बायको फिरकतसुद्धा नाही."

छोट्या टाकीत मात्र काहीच नव्हतं. स्वच्छ, काठोकाठ पाणी.

"पिल्लं यात होती?"

"काल दुपारी मी गेले तेव्हा होती. काचेच्या दोऱ्यासारखी, नुसते डोळे दिसायचे. तीन आठवडे जगवली होती ह्यांनी. त्याआधी किती वेळा अंडी झाली, पिल्लं निघाली, आणि दरवेळी चार दिवसांत सगळी खलास. हे जेवायचे नाहीत त्या दिवशी." काकूंनी खिडकीकडे बोट दाखवलं. "आणि तिथे हिरव्या पाण्याच्या तीन बाटल्या होत्या. पिल्लांचं खाणं. त्याही नाहीत."

खिडकीच्या कठड्यावर धुळीत तीन गोल उमटले होते.

इन्स्पेक्टर बाईंनी गुडघे टेकले. फरशी आता कोरडी होती. पण छोट्या टाकीपासून मागच्या दारापर्यंत पांढुरक्या ठिपक्यांची एक ओळ गेली होती. त्यांनी नखानं एक ठिपका खरवडला आणि जिभेला लावला.

"मॅडम!" हवालदार ओरडले.

"मीठ आहे." मग त्यांनी छोट्या टाकीत बोट बुडवलं, तेही चाटलं. "आणि हे पाणी गोडं. काकू, हे कसं?"

काकूंनी आधी दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "कुणाला सांगू नका म्हणाले होते. मोठे मासे गोड्या पाण्यातले, डोंगरातल्या ओढ्यातले. पण पिल्लांना खारं पाणी लागतं. ओढ्यात जन्मतात, वाहत समुद्रात जातात, मोठी झाली की परत वर येतात. ह्यांना ते कळलं तेव्हा लहान मुलासारखे नाचले होते."

"म्हणजे या टाकीत खारं पाणी होतं."

"होतंच. पाणी आटलं की मी वरून गोडं घालायची, कारण मीठ आटत नाही. पण एवढं? हे तर नळाचं आहे."

"मागचं दार?"

"कडी आत हात घालून निघते. घरच्यांना ठाऊक आहे. आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना."

"येणारेजाणारे कोण?"

तिघे होते. जावई, मत्स्यालयाचा दुकानदार, आणि कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. प्राध्यापक म्हणजे डॉक्टरांचे जुने मित्र, दोघांनाही हाच नाद. रात्री हॉस्पिटलात काकूंच्या सोबत तेच बसले होते.

जावई आधी आले. कपाळावर आठ्या.

"गेल्या आठवड्यात तुमचं सासऱ्यांशी भांडण झालं?"

"झालं. ती खोली आम्हाला हवी होती. आमच्या मुलीला अभ्यासाला. बाबा म्हणाले, मासे आधी. नातीपेक्षा मासे! राग येणार नाही?"

"काल संध्याकाळी?"

"ऑफिसात. वीस माणसं होती मीटिंगला, विचारा कुणालाही." मग आवाज उतरला. "ती पिल्लं खरंच जगली होती? तीन आठवडे? कशी काय? बाबा तर म्हणायचे, अशक्य आहे."

दुकानदार घाईघाईनं आला. शर्टाला माशांच्या खाद्याचा वास.

"डॉक्टर तुमच्याकडून काय न्यायचे?"

"समुद्राचं मीठ. पोत्यानं! मी म्हटलं, डॉक्टर, ओढ्यातल्या माशांना मीठ? लोणचं घालताय की काय? दुकानात येईल त्याला सांगून हसलो मी."

"येईल त्याला म्हणजे कुणाला?"

"सगळ्यांनाच. शौकीन लोक सगळे माझ्याकडेच येतात."

"काल संध्याकाळी?"

"दुकानात. संध्याकाळी तर पाय ठेवायला जागा नसते." त्यानं मान पुढे काढली. "पण मॅडम, पिल्लं जगली म्हणता? कशी जगवली? मला सांगा तरी. माझ्याकडे दर महिन्याला मरतात."

प्राध्यापक शेवटी आले. डोळे तांबारलेले, आवाज मऊ. इन्स्पेक्टर बाईंनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला.

"सर, मला यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्हीच समजावा."

त्यांनी छान समजावलं. गोबी पाळणं सोपं, अंडी मिळवणंही सोपं. नर राखण करतो, पण टाकीला जरा धक्का लागला तरी घाबरून स्वतःच अंडी खाऊन टाकतो. खरं संकट पिल्लांचं. तोंड इतकं बारीक की नेहमीचं खाणं जात नाही. दिवा विझला तर खाणं दिसत नाही, म्हणून दिवसरात्र उजेड लागतो. आणि उजेड दिसला की सगळी तिकडे धावतात.

"मी सहा वर्षं धडपडतोय," ते म्हणाले. "आमच्यापैकी कुणालाच जमलेलं नाही."

"डॉक्टरांची तीन आठवडे जगली होती म्हणे."

"असतील. पण शेवटी मरतातच. मेली की तासाभरात विरून जातात, दिसतसुद्धा नाहीत. वहिनींना वाटतंय चोरी झाली. धक्का बसलाय त्यांना. घसरून पडले हो ते. फरशी कायम ओली."

"काल तुम्ही इकडे आला होतात?"

"गल्लीतून गेलो. तिन्हीसांज झाली होती. समोरच्या टेलरबाई शटर ओढत होत्या, नेमकं तेव्हा. खिडकीत नेहमीसारखा दिवा दिसला. कामात असतील म्हणून हाक मारली नाही." त्यांनी डोळे पुसले. "मारायला हवी होती."

इन्स्पेक्टर बाईंनी मान डोलावली. चहा गार होऊ दिला.

ते गेल्यावर त्या समोरच्या दुकानात गेल्या. टेलरबाईंचं मशीन बरोबर डॉक्टरांच्या मागच्या खिडकीसमोर होतं.

"काल शटर कधी ओढलंत?"

"तिन्हीसांजेला. अहो, त्याचंच नवल वाटलं. ती खिडकी कित्येक दिवस रात्रंदिवस उजळलेली असते. काल काळोख! फक्त खाली एका कोपऱ्यात काजव्यासारखा उजेड. म्हटलं, दिवा गेला असेल, आणि शटर ओढलं."

"गल्लीत कोण होतं तेव्हा?"

"चिटपाखरू नव्हतं. मी दोन्हीकडे बघते नेहमी. एकटी बाई आहे ना."

इन्स्पेक्टर बाई दुकानाच्या पायरीवर क्षणभर उभ्या राहिल्या. समोरची खिडकी, मधली अरुंद गल्ली, डोक्यावरचं शटर. मग त्यांनी हवालदारांना बाजूला घेतलं. दोन वाक्यं सांगितली. झडतीचं वॉरंट मिळायला दुपार झाली, आणि हवालदार जीप घेऊन गेले.

चार वाजता सगळे डॉक्टरांच्या बैठकीत जमले होते. जावई भिंतीला टेकून. दुकानदार खुर्चीच्या कडेवर. प्राध्यापक काकूंच्या शेजारी, त्यांच्यासाठी पाण्याचा पेला धरून.

"डॉक्टर घसरले नाहीत," इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या. "त्यांना ढकललं. चोर आधीच आत होता."

"चोरायला काय होतं इथे?" जावई म्हणाले.

"हाच प्रश्न. साधा चोर असता तर मोठे, रंगीत मासे नेले असते. त्या टाकीला बोटही लागलेलं नाही. कुंडीत अंडी तशीच आहेत. चोराला हवी होती डोळ्यांना धड न दिसणारी पिल्लं. त्यानं त्यांचं खाणं, त्या तीन हिरव्या बाटल्या, त्याही नेल्या. मेलेल्या पिल्लांसाठी कुणी जेवण नेत नाही. आणि त्यानं त्यांना त्यांच्याच खाऱ्या पाण्यातून नेलं. ते दारापर्यंत ठिबकत गेलं. वाळल्यावर मीठ उरलं. रिकामी टाकी दिसू नये म्हणून त्यानं ती नळाच्या पाण्यानं भरली. पिल्लं मेली, विरली, असं सगळ्यांनी म्हणावं म्हणून."

"म्हणजे माहीतगार माणूस," दुकानदार पुटपुटला. सगळ्यांनी त्याच्याकडेच पाहिलं.

"एवढी बारीक पिल्लं पकडायची कशी? खोलीतला दिवा घालवायचा, टाकीच्या एका कोपऱ्याला बॅटरी लावायची. सगळी उजेडाकडे धावतात. मग नळीनं ओढून घ्यायची. टेलरबाईंनी तो काळोख पाहिला, आणि कोपऱ्यातला उजेडही. शटर ओढताना." त्या थांबल्या. "सर, त्याच क्षणी तुम्हाला खिडकीत दिवा दिसला."

प्राध्यापकांच्या हातातला पेला हलला नाही. "माझी वेळ चुकली असेल."

"वेळ तुम्हीच सांगितलीत, नेमकी. शटर ओढतानाची. पण तेव्हा गल्लीत कुणीच नव्हतं. शटर ओढणाऱ्या टेलरबाई तुम्हाला दिसल्या हे खरं. पण गल्लीतून नाही. काळोख्या खिडकीतून, आतून. तिथे दिवा कायम असतो हे ठाऊक होतं, म्हणून तो दिसल्याचं ठोकून दिलंत."

"वहिनी, हे काय चाललंय?" प्राध्यापक काकूंकडे वळले. काकू त्यांच्याकडे बघत नव्हत्या.

"मला संशय त्याआधीच आला होता," इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या. "जावयांना माशांचा तिटकारा. तरी त्यांनी विचारलं, पिल्लं कशी जगली? दुकानदारांनी विचारलं, कशी जगवली? तुम्ही सहा वर्षं धडपडलात, सर. तुमच्या मित्रानं ते करून दाखवलं असं मी तुमच्या तोंडावर सांगितलं, आणि तुम्ही 'कसं' हा शब्द उच्चारला नाहीत. कारण ते तुम्हाला कळलं होतं. मिठाच्या पोत्यांची चेष्टा तुमच्याही कानांवर आली होती. दुकानदार हसले. तुम्ही हसला नसाल."

टेबलावरचा फोन वाजला. इन्स्पेक्टर बाईंनी उचलला, ऐकला, ठेवला.

"हवालदार होते. तुमच्या न्हाणीघरात टब आहे. त्यावर दिवा लावलाय. तीन हिरव्या बाटल्या शेजारी."

मग प्राध्यापकांनी पेला खाली ठेवला.

"मी सगळीकडे लिहिलं होतं की अशक्य आहे," ते म्हणाले. आवाजातला मऊपणा गेला होता. "भाषणं दिली. विद्यार्थ्यांना शिकवलं. आणि दात काढणारा एक माणूस मागच्या खोलीत... मला फक्त पिल्लं न्यायची होती. ती मी वाढवली असं म्हणायचं होतं. तो फिरायला गेला होता. लवकर परत आला. दिवा लावला. माझ्याकडे बघून हसला, हो, हसला, म्हणाला, 'अरे, तू?' मी ढकललं. घडवंचीचा कोपरा लागला."

"आणि तुम्ही निघून गेलात."

"पिल्लं बादलीत होती. जास्त वेळ टिकली नसती."

जावई भिंत सोडून तडक पुढे आले. इन्स्पेक्टर बाईंनी हात आडवा धरला.

"माणूस रक्तात पडलाय, आणि तुम्ही बादली सांभाळलीत," त्या म्हणाल्या. "रात्री हॉस्पिटलात सोबत कशाला बसलात? ते शुद्धीवर येतात का, हे बघायला?"

दारात शिपाई उभा राहिला तेव्हा प्राध्यापक उठले. दोन पावलं गेले आणि थबकले. काकूंकडे वळले.

"वहिनी, एकच सांगा. परत गोड्या पाण्यात कधी घालायची? सकाळपासून काही तळाशी बसायला लागलीत. उशीर झाला तर मरतील."

काकूंनी पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं.

"हे सांगणार होते तुम्हाला. रविवारी जेवायला बोलावून, सगळं पहिल्यापासून. लेख लिहिला की तुमचं नाव आपल्या नावाआधी घालायचं म्हणत होते. सहा वर्षं खपलाय तो, म्हणाले."

प्राध्यापकांचा चेहरा पांढराफटक पडला. शिपायानं त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं.

संध्याकाळी हॉस्पिटलातून निरोप आला. डॉक्टरांनी डोळे उघडले होते, बायकोचं नाव घेतलं होतं, आणि काय झालं ते आठवत नाही म्हणत होते. इन्स्पेक्टर बाई काकूंना घेऊन जीपकडे निघाल्या.

"जबाब घ्यावा लागेल, काकू. कुणी ढकललं ते त्यांना सांगावं लागेल."

"लागेल," काकू म्हणाल्या. जीपचं दार धरून त्या उभ्याच राहिल्या. "पण आज नको. आज पिल्लं सापडली एवढंच सांगते. मित्र गेला, ते उद्या सांगू."