कोट्याची बाटली

पालमच्या विमानतळाजवळच्या त्या दोन खोल्यांच्या घरात भर दुपारी गिरिजाबाई आपल्या पोटच्या पोराला स्टीलच्या पेल्यात रम ओतून देत होत्या... औषध द्यावं तशी, थेंबभर इकडे नाही की तिकडे नाही. समोर पृथ्वीराज थरथरते हात मांडीखाली दाबून बसला होता, आणि दारात सून तनया त्याची बॅग भरून उभी होती.

"आई, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना? आता प्यायला तर वाचणार नाही. व्यसनमुक्तीच्या वॉर्डात जागा मिळालीय. सकाळपासून चल चल म्हणतेय, तर हा उठत नाही आणि तुम्ही ओतताय."

गिरिजाबाईंचे यजमान सुभेदार धोंडीराम गेले आणि वर्ष सरायच्या आत मुलगा दारूच्या ठेक्याबाहेर नालीत पडलेला सापडला. तेव्हाच त्या वेड्या आईनं ठरवलं, बाहेर लोळण्यापेक्षा घरात, माझ्या डोळ्यांदेखत घेऊ दे. फौजेची रम निर्भेळ तरी असते! सुभेदारांच्या माघारी मिळालेलं फौजी कॅन्टीनचं कार्ड घेऊन, डोक्यावरून पदर ओढून, त्या तिथं दरमहा ठरलेल्या कोट्याच्या दारूच्या रांगेत उभ्या राहिल्या. "माताजी, आप आगे आइए," म्हणत जवान अदबीनं बाजूला झाले, तेव्हा धरणीनं पोटात घ्यावं असं त्यांना झालं. माया आंधळी असते म्हणतात. ही तर स्वतःच्या हातानं विष पाजत होती.

"आई, दे ना... आजचा शेवटचा. मग जातो, तुझी शपथ," पृथ्वीराज गयावया करू लागला.

तनयानं बॅग खाली ठेवली.

"पृथ्वी, आईंच्या गळ्याकडे बघितलंस कधी?"

त्यानं मान वर केली. लहानपणी जिच्या कुशीत शिरलं की तुळशीचे मणी गालाला टोचायचे, तो गळा ओका होता.

"माळ कुठंय तुझी?"

"माळकरणीनं दारूला हात लावू नये, बाळा. पहिली बाटली आणायला निघाले, तेव्हाच देवापुढे उतरवून ठेवली." गिरिजाबाईंचा हात ओक्या गळ्याकडे गेला. "देव रुसला तरी चालेल, म्हटलं... तू हवास."

पृथ्वीराज हमसून हमसून रडू लागला. पण रडता रडताही त्याची नजर पेल्याकडेच वळत होती, हे त्या माउलीनं पाहिलं. त्या उठल्या आणि पेला मोरीत उपडा करून आल्या.

हॉस्पिटलच्या दारात त्यानं आईचे पाय धरले.

"आत गेल्यावर मी तुला हाका मारीन, शिव्या देईन, घरी ने म्हणीन. ऐकू नकोस, आई. आजवर ऐकलंस तेवढं बस झालं."

संध्याकाळी वॉर्डाच्या बंद दाराआडून हाक आली. "आई... आई गं..."

त्याच्या हाकेला ओ दिली नाही असं जन्मात कधी घडलं नव्हतं. आज गिरिजाबाई बाहेरच्या बाकाची कड गच्च धरून बसल्या. हाका वाढत गेल्या, मग घाणेरड्या शिव्या, मग पुन्हा लहान पोरासारखं "आई, मरतोय गं..."

"तनया, माझा भरवसा नाही," त्या कशाबशा म्हणाल्या. "मला धरून ठेव, पोरी."

तनयानं सासूला दोन्ही हातांनी कवटाळलं, आणि दाराआडचा आवाज थकेपर्यंत सोडलं नाही.