जिलेबी आधी जेवत नाही

सुनंदाबाईंना फोन सरळ धरायची सवय कधी लागलीच नाही. लेक मस्कतहून व्हिडिओ कॉल करायची, तेव्हा तिला कधी आईचं नुसतं कपाळ दिसायचं, कधी छताचा पंखा, तर कधी एक कान आणि त्यातली कुडी. त्या संध्याकाळी तर त्यांनी फोन गच्चीच्या कठड्याला टेकवून ठेवला आणि स्वतः वाळलेले बिबडे गोळा करत बसल्या. ज्वारीचे मोठाले पापड ते, कावळ्यांचा डोळा असतो त्यांच्यावर. लेकीचं तोंड काय, नंतरही बघता येतं!

म्हणून हिमानीला आईऐवजी दिसलं शेजारचं परसदार. पेरूचं झाड, झाडाला बांधलेली एक तांबूस कुत्री, आणि तिच्यापुढे ताटली ठेवून कमरेवर हात देऊन उभा असलेला एक तरुण. कुत्रीच्या फासळ्या मस्कतपर्यंत दिसत होत्या.

"आई! ती मधुकरकाकांची जिलेबी आहे का गं?"

"हो ना. काका गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे, रितेशकडे गेले इंदूरला, ते तिकडेच. घर भाड्यानं दिलं."

"आणि जिलेबी?"

"ती भाडेकरूच्या गळ्यात. निरंजन नाव त्याचं, डोईफोडिया गावचा आहे. केळीची रोपं तयार करतात ना, त्या लॅबमध्ये नोकरीला. चांगला पोरगा दिसून राहिला."

"चांगला? अगं, कुत्रीची हाडं दिसतायत! दे त्याला फोन."

"आता? मला बिबडे—"

"आई. फोन दे."

जिलेबी हे नाव मधुकरकाकांनी ठेवलेलं. रंग थेट बुऱ्हाणपूरच्या मावा जिलेबीचा, आणि शेपूटही तशीच वळलेली. कुत्री काकांची खरी, पण तिचा जीव हिमानीवर. बाबा गेले त्या उन्हाळ्यात हिमानी कुणाशी बोलत नव्हती. बोलायची ती फक्त जिलेबीशी, पायरीवर बसून, तासन् तास. ते ऋण ती विसरली नव्हती. आता ती परमुलुखात, दवाखान्यात लोकांचे आखडलेले खांदे सोडवत बसलेली, आणि इथे जिलेबी उपाशी!

सुनंदाबाईंनी कठड्यावरून फोन खाली धरला. "हे घे बाबा. माझ्या पोरीला तुझ्याशी भांडायचं आहे."

पडद्यावर एक चेहरा आला. सावळा, घामेजलेला, गोंधळलेला. डोळे मात्र हसरे… आणि हिमानीला नेमके हसऱ्या डोळ्यांचेच लोक संशयास्पद वाटायचे.

"नमस्कार मॅडम."

"तुम्ही तिला जेवायला घालत नाही का हो?"

"घालतो ना. दूध-भाकर, अंडं, कधी खिचडी. ती तोंडच लावत नाही."

"तोंड लावत नाही? माझी अख्खी ओढणी खाल्ली होती तिनं!"

"मग एखादी ओढणी पाठवा ना मॅडम," तो गंभीरपणे म्हणाला, "ती पण ट्राय करतो."

हिमानीने फोन बंद केला. आगाऊ!

पण त्या दिवसापासून तिला चैन पडेना. तिने आईला पाळतीवर बसवलं. सुनंदाबाईंनाही उन्हाळ्यात दुसरी करमणूक नव्हती, त्यांनी मन लावून हेरगिरी केली. बातमी यायची ती अशी: तो संध्याकाळी ताटली ठेवतो, मोटारसायकल काढतो आणि निघून जातो. कुत्री ताटलीकडे बघतसुद्धा नाही. मग मांजर येते, पहाटे कावळे येतात, आणि सकाळी ताटली चाटूनपुसून लख्ख!

"त्यात काही मिसळत तर नसेल?" हिमानी म्हणाली. "लॅबमध्ये काम करतो म्हणतेस…"

"केळीच्या लॅबमध्ये गं माय! केळीला कोण विष घालतं?"

हिमानीने नंबर मिळवला आणि उलटतपासणी सुरू केली. बांधून का ठेवली? तर म्हणे, सुटली की काकांना शोधत स्टेशनच्या रस्त्याला पळते, एकदा ट्रकखाली येता येता वाचली. सोयीचं उत्तर! डॉक्टरला दाखवली का? त्याने फोटो पाठवला, जनावरांचे डॉक्टर जिलेबीला इंजेक्शन देताना.

"हा फोटो आजचा कशावरून?"

थोड्या वेळाने दुसरा फोटो आला. जिलेबी बसलेली, आणि तिच्या गळ्याशी त्या दिवसाचा पेपर धरलेला, अपहरण केल्यासारखा. खाली लिहिलं होतं— 'मॅडम, ओलीस सुखरूप आहे. डॉक्टर म्हणतात रोग काही नाही, मन लागत नाही. तुमची मागणी काय ती कळवा.'

हिमानीला हसू आलं. तिने ते दाबलं. गोड बोलणारा माणूस म्हणजे जपूनच राहायला हवं, असं तिने स्वतःला बजावलं… आणि फोटो मात्र पुसला नाही.

जिलेबी दिवसेंदिवस खंगत चालली होती. एका संध्याकाळी हिमानीने फोन लावला तेव्हा ती मान टाकून पडली होती, आणि तो तिच्या शेजारी उकिडवा बसला होता. या वेळी त्याचे डोळे हसत नव्हते.

"मला कळत नाही मॅडम," तो म्हणाला. "सच सांगतो, सगळं करून बघितलं. रोज आधी हिला वाढतो, मगच मेसवर जेवायला जातो. आधी मुका जीव, मग आपण, आईनं हेच शिकवलं. गायीचा घास नाही का आपण आधी काढत?"

मस्कतमध्ये हिमानी खुर्चीतून उठून उभी राहिली.

"हॅलो? मॅडम?"

तिच्या डोळ्यांपुढे मधुकरकाका उभे राहिले. मागच्या पायरीवर ताट घेऊन बसलेले. जिलेबी समोर, पुढच्या पायांवर हनुवटी टेकून. काका सावकाश जेवायचे. भाकरीचा शेवटचा चतकोर उरला की म्हणायचे, "घे बाई." की मगच ती उठायची. पिल्लू होती तेव्हापासून, रोज. गायीचा घास पहिला असतो. कुत्र्याचा शेवटचा!

"तुम्ही तिच्यासमोर कधीच जेवत नाही," हिमानी घाईघाईने म्हणाली. "ती वाट बघते आहे. घरचा माणूस जेवल्याशिवाय ती कशी जेवेल? निरंजन… तू आधी जेव."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते तिला कळलं नाही. त्याला कळलं. क्षणभर त्याने स्क्रीनकडे असं बघितलं, की हिमानी उगीचच केस सारखे करू लागली.

सुनंदाबाईंनी कुंपणावरून कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, गरम भाकर दिली, वर ठेचा. निरंजन पायरीवर मांडी घालून बसला. पहिला घास घेतला. जिलेबीने मान उचलली. दुसरा घास घेतला, तशी तिने पुढच्या पायांवर हनुवटी टेकली. ठेच्याने त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तो थांबला नाही. शेवटचा चतकोर उरला.

"घे बाई, म्हण," हिमानी कुजबुजली.

"घे बाई…"

जिलेबी उठली, पुढे आली आणि त्याच्या हातातून तो चतकोर तिने हळूच घेतला. सुनंदाबाईंनी पदर डोळ्याला लावला. मस्कतमध्ये हिमानी ढसाढसा रडत होती आणि हसतही होती.

"ठेचा काय तिखट आहे यार," निरंजन डोळे पुसत म्हणाला. पण ठेचा तर संपून पाच मिनिटं झाली होती.

मग रोजच तिघांची पंगत बसू लागली. तो पायरीवर, जिलेबी समोर, आणि फोन पेरूच्या बेचक्यात.

"आज काय केलंस?"

"भरीत."

"खोटं. मला खिचडी दिसते आहे."

"तू इतका संशय घेतेस, तुझ्या पेशंटचं खरंच दुखतं यावर तरी विश्वास ठेवतेस का?"

"तपासून मगच ठेवते."

"मग मला तपास ना कधी…"

"घास गिळ आधी! जिलेबी थांबली आहे."

आषाढ असाच गेला. हिमानी प्रेमात पडली होती, साफ पडली होती, आणि हे स्वतःशी कबूल करायला घाबरत होती. तिकडचा करार मार्चपर्यंतचा. त्याने तोंडाने काही म्हटलेलं नाही. आणि जो माणूस कुत्रीला एवढा लळा लावतो, तो आणखी कुणाकुणाला लावत असेल, काय सांगावं!

श्रावणातल्या एका गुरुवारी आईचा फोन आला. यावेळी कॅमेरा सरळ होता. त्यावरूनच हिमानी चरकली.

"हिमू, घाबरू नको. काल रितेश आला होता. घर विकायचं आहे म्हणे त्याला. निरंजनला सांगत होता, कुत्री जंगलात सोडून दे. मी या कानांनी ऐकलं."

"मग?"

"मग काय… आज सकाळी निरंजनने जिलेबीला गाडीवर पुढे बसवलं आणि गेला डोईफोडियाकडे."

डोईफोडियाच्या पुढे जंगल लागतं, हे हिमानीला शाळेपासून माहीत होतं. तिने निरंजनला फोन लावला. संपर्कक्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. बाहेर. दुपारपर्यंत लावत राहिली. ओलिसाचा तो फोटो उघडून बघितला, आणि गंमत म्हणून पाठवलेली गोष्टच आता तिला खरी वाटू लागली. केसाने गळा कापला या माणसाने! तिने कशीबशी रजा मिळवली, मिळेल ते तिकीट काढलं आणि रविवारी बुऱ्हाणपूरच्या स्टेशनवर उतरली.

त्याच दिवशी कानबाई, श्रावणात बसवतात ती कुळाची देवी, बसायची होती. इतवारा मोहल्ल्यात हिमानीच्या मोठ्या काकांकडे सगळे भाऊबंद जमले होते. तीन वर्षांनी लेक कानबाईला आली म्हणून सगळ्यांनी सुनंदाबाईंचं कौतुक केलं. "आईसाठी नाही, कुत्रीसाठी आली!" त्या म्हणाल्या, पण चेहरा कसा फुलून आला होता. हिमानी मात्र जागरणात बसूनही फोनकडेच बघत होती. निरंजन अजून संपर्काच्या बाहेर.

सोमवारी तापीवर कानबाईचं विसर्जन झालं आणि मायलेकी घरी परतल्या. श्रावणाची भुरभुर चालू होती. सुनंदाबाई स्वयंपाकघरात रोट, देवीच्या प्रसादाच्या जाड पोळ्या, काढू लागल्या. कानबाईचे रोट म्हणजे घरच्यांचेच. बाहेरच्याला तुकडाही द्यायचा नाही, अशी त्यांच्या घराची रीत.

तेवढ्यात शेजारी मोटारसायकल थांबली. हिमानी अनवाणीच धावली. निरंजन भिजलेला, आणि टाकीवर, त्याच्या दोन हातांच्या मध्ये… जिलेबी!

जिलेबीने उडी मारली आणि हिमानीला चिखलासकट मिठी घातली. चाटून चाटून जीव नकोसा केला. निरंजन बघतच राहिला.

"तू… इथे?"

"कुठे नेली होतीस हिला? जंगलात?"

"जंगलात? घरी नेली होती, आईकडे. म्हटलं इथलं घर तर जाणार, हिला तिकडे रुळवू. चार दिवस रजा टाकली. आई हिच्यासमोर जेवली, बाबा जेवले, दोनदोनदा जेवले बिचारे. पण हिला माझ्याच ताटातलं पाहिजे. म्हणून आणली परत."

"आणि फोन?"

"शेतावर रेंज कुठे येते? पण मी मावशींना सगळं सांगून गेलो होतो. हिमानीला निरोप द्या म्हणून."

हिमानी हळूच वळली. दारात सुनंदाबाई उभ्या होत्या. एकदम त्यांना पदराला लागलेलं पीठ दिसलं.

"आई?"

"मी खोटं काय बोलले? डोईफोडियाकडे गेला, हेच सांगितलं ना! आता तू पुढचं ऐकून न घेताच रडायला लागलीस…" आणि मग जरा नरमाईने, "तीन वर्षं झाली गं कानबाईला येऊन."

निरंजन हसू लागला, मग हिमानीकडे बघून थांबला. "तुला खरंच वाटलं, मी हिला सोडून देईन?"

तिने मान खाली घातली. "वाटलं. सोडून जातात रे माणसं. एकदा बाबा गेले, तेव्हापासून मी आधीच धरून चालते."

तो गाडीवरून उतरून पुढे आला. त्याने ओल्या हाताने तिच्या गालावरचा चिखल पुसला… आणि हात काढायला त्याला जरा उशीरच झाला.

"पोरांनो, आत या, भिजताय," सुनंदाबाई म्हणाल्या. "जिलेबी आता इथेच राहील. आपलं अंगण काय कमी आहे?"

मागच्या पायरीवर त्यांनी ताट आणून ठेवलं. रोट, गव्हाची खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. जिलेबीने समोर येऊन पुढच्या पायांवर हनुवटी टेकली. निरंजन ताट बघून चटकन उठला.

"मी मेसवर जाऊन येतो."

"का?"

"कानबाईचा रोट आहे ना. आमच्याकडेही करतात. घरच्यांचाच असतो."

हिमानी ताटाकडे बघत होती. मग तिने स्वयंपाकघरात डोकावून परातीतले रोट मोजले. संशयाची जुनी खोड, जाते थोडीच!

"आई, आपल्यात माणशी मापून गहू दळतात ना? घरात आपण दोघी. मग हे तिसरं माप कुणाचं?"

सुनंदाबाईंनी मागे वळून बघितलं नाही. "जिलेबीचं धरलं."

हिमानी परत पायरीवर आली. ताट उचललं आणि निरंजनच्या पुढे ठेवलं.

"बस."

"हिमानी… तुला कळतंय ना, रोट खाल्ला म्हणजे—"

"कळतंय. मार्चपर्यंत तिकडे राहावं लागेल मला. वाट बघशील?"

"हिच्याकडून शिकलोय मी वाट बघायला," तो हलकेच म्हणाला. "पण मला तरी तोंडाने सांग ना… हे नक्की कुणाचं ताट आहे?"

तिचे कान लाल झाले. तिने रोटाचा तुकडा मोडला, खिरीत बुडवला आणि त्याच्यापुढे धरला.

"आईने सांगितलं ना, जिलेबीचं आहे. पण जिलेबी आधी जेवत नाही. घरचा माणूस जेवावा लागतो."

त्याने तो घास तिच्या हातातूनच घेतला. जिलेबीने शेपूट एकदा आपटली आणि शेवटच्या घासाची वाट बघत शांत पडून राहिली.