आनंदाबाईले कोनं नेलं?

पोट्टेहो, ते मोबाईल ठेवा खाली, नाई त मी उठलो. सचिन, तुलेच सांगून राह्यलो! हे माह्या साडूसंगं घडलं, डोमाजीसंगं. मले खोटं बोलून काय भेटते?

यंदाच्या भोगीची रात्र. डोमाजी मोठ्या बहिणीले, आनंदाबाईले, तिळाचे लाडू अन् स्वेटर द्याले जाम गावाजवळच्या एका वृद्धाश्रमात गेलता. बाईले आता काई आठवत नाई, भावालेच बाबा म्हणते. जाऊन पाह्यते त काय, बहीण खाटीले बांधून ठेवलेली! लुगड्याच्या पट्टीनं!

"काऊन बांधलं हो हिले?"

मॅनेजर म्हणे, "रात्री उठते अन् पडते. बाजूच्या खाटीवरल्या नलूबाईले नव्हतं बांधलं. दिवाळीत संडासात पडली, खुबा मोडला, गेली. पुन्हा बोल कोन खाईन?"

अरे, म्हातारी उठते ते लघवीले! हात धरून नेऊन आणा, झालं. बांधता काय? ढोर हाय का ते? मले त आताही असा संताप येते!

शेवटची बस निघून गेलती. डोमाजी तिच्या खाटीपाशीच सतरंजीवर लवंडला. मॅनेजर झोपला का पट्टी सोडतो, असं त्यानं ठरवलं. पण दिवसभराचा थकलेला, डोळा लागला.

मध्यरात्र उलटल्यावर जाग आली. कडाक्याची थंडी. कुठं कुत्रंही भुकत नव्हतं.

खाट रिकामी.

पट्टी खाली पडलेली.

संडासाच्या दारातून पिवळा उजेड येऊन राह्यलता. त्या उजेडात आनंदाबाई... हळूहळू येत होती. एका बाईनं तिचा हात धरला होता. ते बाई एक पाय ओढत चालत होती...

"कोन...?"



बाईनं आनंदाबाईले खाटीवर बसवलं. पाय वर घेतले. पांघरूण घातलं.

उजेड गेला.

अंधारात बहीण म्हणे, "नलू... तू बी नीज आता."

सकाळी मॅनेजर अंगावर धावून आला. "पट्टी कोनं सोडली? पडली असती म्हंजे?"

"पडली नाई. संडासात दिवा होता."

"कुठचा दिवा? बल्ब त मी दसऱ्यालेच काढला. हे लोक रातभर चालू ठेवते."

दसऱ्याले! अन् नलूबाई पडली दिवाळीत! आलं ध्यानात? अंधारात मारलं तिले, अन् वरून बाकीच्याइले बांधते, हरामखोर!

डोमाजी तडक संडासात गेला. होल्डर रिकामं होतं. त्यानं हात वर केला... लावला...

गरम होतं.